नळाचं पहिलं पाणी

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. येताना आधी नुसती फुसफुस हवा, मग दोन-चार उचक्या, मग कोऱ्या चहासारखं लालसर पाणी आणि पाच-दहा मिनिटांनी कुठे ते निवळतं. ती पहिली बादली आई कधीच प्यायला घेत नाही, सरळ संडासात ओतते. तिने कुठला रिसर्च वाचलेला नाही, पण तिचं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या उन्हाळ्यात प्लंबरने आमचा जुना अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप कापला. बाहेरून ठणठणीत, रंगबिंग दिलेला, आणि आत गंजाच्या गाठी चढून चढून मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक. आपल्याला वाटतं व्यास अर्धा झाला तर पाणी अर्धं येईल, पण तसं नसतं, प्रेशर तेवढंच धरलं तर पाणी साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं, आणि गाठींचा खडबडीतपणा वेगळाच. मग माणूस काय करतो, लाईनलाच मोटर लावतो. आम्हीही लावली होती, खोटं कशाला बोलू.

आता लाईन भरलेली असते आणि आत प्रेशर असतं तोवर फुटक्या सांध्यातून, ढिल्या फेरूलमधून (मोठ्या लाईनीवरून घराचं कनेक्शन निघतं तो जोड) पाणी बाहेर गळतं, वाया जातं पण निदान घाण आत येत नाही. पाणी बंद झालं की उतारावरची लाईन रिकामी होते, आत हवा ओढली जाते आणि त्याच भोकातून आजूबाजूच्या ओल्या मातीतलं जे काय असेल तेही आत येतं. त्यात चार घरांनी मोटर लावली की ती लाईन स्ट्रॉसारखी चोखली जाते. पाण्याची लाईन आणि ड्रेनेज यांच्यात तीन मीटर अंतर ठेवा असं नियम सांगतो, पण आमची गल्लीच तीन मीटरची आहे, तर ठेवणार कुठे?

याचा चांगला हिशोब हुबळी-धारवाडला झालाय. २००८च्या सुमारास तिथल्या काही भागांत जुन्या पाईपांचं जाळं बदलून घरोघरी मीटर बसवले आणि चोवीस तास पाणी सुरू केलं, बाकी शहराला मात्र काही दिवसांनी एकदा. फिल्टर प्लांट तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले आणि २०१३ साली आकडे छापले. थांबून थांबून येणाऱ्या पाण्याच्या ३१.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, आणि चोवीस तासवाल्यांत ०.७ टक्के. पुढच्या अभ्यासात त्यांना पाणी सुरू झाल्या झाल्या येणारा लोंढा आणि कमी प्रेशरची वेळ याच सगळ्यात वाईट दिसल्या. आईची बादली!

पण लहान मुलांचे साधे जुलाब चोवीस तास पाण्यामुळे फारसे कमी झाले नाहीत, टायफॉइड कमी झाला आणि गरीब घरांतल्या मुलांचे रक्ती जुलाब कमी झाले. जुलाबाला हात, माश्या, उघडी गटारं असे बाकीचे रस्तेही आहेतच.

मग गळती शोधून बुजवत का नाहीत? शोधायची सोपी पद्धत अशी की रात्री दोन ते चार सगळे झोपलेले असताना त्या अख्ख्या भागाच्या मुख्य मीटरमधून किती पाणी जातंय बघायचं, कोणी वापरत नाही म्हणजे जातंय त्यातलं बहुतेक गळतीच. दुसरी पद्धत कानाची, लोखंडी दांडा व्हॉल्ववर टेकवून वरचं टोक कानाला लावायचं, गळतीचा सूंऽऽ असा आवाज येतो. दोन्हींना लाईनीत प्रेशर लागतं. एक दिवसाआड दोन तास येणाऱ्या पाण्यात त्या दोन तासांत सगळं गाव टाक्या भरत असतं, तिथे गळती कुठली आणि वापर कुठला काय कळणार? म्हणजे गळती आहे म्हणून चोवीस तास पाणी देता येत नाही, आणि चोवीस तास नाही म्हणून गळती सापडत नाही. म्हणून अख्खं गाव एकदम उकरण्यापेक्षा छोटा भाग वेगळा तोडून तिथलं सगळं नीट करायचं आणि मग पुढचा भाग घ्यायचा, हे मला जास्त पटतं.

ड्रेनेजची गोष्ट उलटी आहे. तो पाईप खालून झिजत असेल असं वाटतं ना, सिमेंटचा पाईप सडतो वरून. मैला सेकंदाला साधारण ०.६ मीटरपेक्षा हळू वाहिला की गाळ बसतो, गाळात हवा नसते, तिथले जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच सडक्या अंड्याचा वास. (वास जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं, चेंबरमध्ये उतरणारी माणसं त्यातच जातात.) हा गॅस वर चढतो, पाईपच्या ओल्या छताला चिकटतो, तिथे दुसरे जंतू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटचा अक्षरशः पांढरा लगदा होतो. वर रस्ता गुळगुळीत, खाली छतच नाही. मग एक दिवस ट्रकचं चाक आत.

यावर लंडनमध्ये १९७१ साली एरिक वूड नावाच्या इंजिनिअरने डोकं लावलं. रस्ता न खोदता रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली कापडी नळी मोजा उलटा करतात तशी जुन्या पाईपमध्ये सरकवायची, आतून पाण्याने फुगवायची आणि कडक होऊ द्यायची, म्हणजे जुन्या पाईपच्या आत नवा पाईप. फक्त त्यात घराघरांच्या जोडण्यांची तोंडं पण झाकली जातात, ती नंतर कॅमेरा लावलेल्या छोट्या कटरने आतून एकेक करून परत उघडावी लागतात. एखादं राहिलं तर त्या घराचा मैला त्यांच्याच मोरीतून वर येतो, आणि तक्रार आली की मग कळतं कुठलं राहिलंय ते.