सर्व्हरचा साका

हापूसचं एक दुखणं कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. फळ बाहेरून केशरी, घमघमणारं. कापलं की बाठ्यालगत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हा साका. वरून पाहून तो कळत नाही. वेबसाईटलाही साका होतो. पण तिला नेमका उलटा रोगही होतो, आणि तो मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला.

देवगडच्या माझ्या चुलतभावाची आंबाविक्रीची साईट मी कणकवलीत बसून सांभाळतो. सर्व्हर, म्हणजे ज्या संगणकावर साईट चालते तो, भाड्याचा, मुंबईच्या एका डेटा सेंटरमधला. ऐन एप्रिलात सकाळी सकाळी त्याचा फोन: "गिऱ्हाइकां सांगतत साईट उघडणा नाय. कायतरी धोको असा म्हणान येता." मी लॅपटॉप उघडला. सर्व्हरच्या आत बसवलेला पहारेकरी प्रोग्रॅम सगळं हिरवंगार दाखवत होता. प्रोसेसर निवांत, अर्धी मेमरी मोकळी, डिस्क ४० टक्के भरलेली. साईटचं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या जोरावर ब्राउझर साईटवर विश्वास ठेवतो ते, डिस्कवर ताजंच होतं.

लेट्स एन्क्रिप्टचं आमचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं. मुदत संपायच्या ३० दिवस आधी नवं आपोआप उतरतं, आणि ते उतरलंही होतं. पण वेब सर्व्हर, म्हणजे त्या संगणकावरचा पानं पाठवणारा प्रोग्रॅम, सुरू होताना प्रमाणपत्र एकदाच वाचून मेमरीत ठेवतो. 'आता नवं वाच' असं त्याला सांगणारी एक ओळ मी लिहायला विसरलो होतो. महिनाभर तो जुनंच दाखवत राहिला आणि त्या पहाटे त्याची मुदत संपली. पहारेकरी डिस्कवरची फाईल बघत होता, गिऱ्हाइकाला दिसत होतं मेमरीतलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला नेमलंच होतं चुकीच्या जागी.

म्हणून देखरेख दोन प्रकारची. आतली देखरेख सर्व्हरवरच चालते आणि त्याची नाडी बघते. बाहेरची देखरेख दुसऱ्याच गावातल्या संगणकावरून दर काही मिनिटांनी गिऱ्हाईक बनून येते आणि साईट उघडून पाहते. नावाचा पत्ता सापडतो का, वाट मोकळी आहे का, प्रमाणपत्र चालतं का, पान किती वेळात येतं, हे सगळं तिच्या नजरेत पडतं.

आत सर्व आलबेल आणि बाहेर अंधार, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब होते. सर्व्हर जळले नव्हते. देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने त्यांची डेटा सेंटरं जोडणारं जाळं तुटलं, आणि पाठोपाठ इंटरनेटवरचा त्यांचा पत्ताच पुसला गेला. कंपनीची स्वतःची दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, तीही बंद.

बाहेरून बघतानाही नुसत्या पिंगवर विसंबू नये. पिंग हा दूरच्या संगणकाला हाक मारून ओ येते का बघणारा, माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. नाव घेतलं सोनारच्या आवाजावरून, ज्या तत्त्वावर आपल्या ट्रॉलरांवरचे फिश-फाइंडर चालतात. पिंगला उत्तर देते ती ऑपरेटिंग सिस्टिम. वेब सर्व्हर मेलेला असला तरी ती ओ देते. घरात माणूस आहे एवढंच कळतं, दुकान उघडं आहे की नाही ते नाही.

आता खरा साका. नोंदींच्या फाइलींनी डिस्क रोज १ जीबी भरतेय आणि २० जीबी उरलीय, तर तुमच्या हातात २० दिवस आहेत. हे फक्त आतूनच दिसतं. डिस्क भरली की डेटाबेसला लिहिता येत नाही, ऑर्डरी पडत नाहीत. पण साठवून ठेवलेलं पहिलं पान मात्र झकास उघडत राहतं, आणि बाहेरचा तपासनीस खूश. म्हणून त्याला ऑर्डरच्या पानापर्यंत पाठवायचं.

एकच परवडत असेल तर? मी बाहेरची घेईन. पैसे देणारा माणूस बाहेर उभा असतो. शेअर्ड होस्टिंगवरच्या, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवरच्या, होमस्टेवाल्यांना तर सर्व्हरच्या आत शिरायची मुभाच सहसा नसते, त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. मात्र बाहेरचा तपास काय बंद आहे एवढंच सांगतो. का, ते आत शिरल्याशिवाय कळत नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर निदान डिस्क आणि मेमरीचा इशारा लावाच, त्याला फारसा खर्च येत नाही.

आणि हा तपासनीस आपल्या घरातल्या संगणकावर बसवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस ना वीज, ना मोबाईल. तिथून पाहिलं असतं तर अख्खं जगच बंद होतं! तपास दोन-तीन शहरांतून व्हावा आणि किमान दोघांचं एकमत झालं तरच इशारा वाजावा.

तो वाजणार कोणाच्या फोनवर, हेही ठरवावं लागतं. आमच्या यादीत दुसरा नंबर डोंबिवलीच्या दादाचा आहे, चाकरमानी. गेल्या मे महिन्यात वळवाने आमची लाईट आणि टॉवर दोन्ही नेले. रात्री साडेअकराला डेटाबेस अडकला आणि डोंबिवलीत फोन वाजला. दादाने मी कागदावर लिहून दिलेली एकुलती एक कमांड चालवली आणि झोपला. मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, टॉवर आल्यावर.