म्युझियम आणि सायन्स सेंटरमधले तरुणांचे उपक्रम

साधारण तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांना नुसतं फिरवून न आणता म्युझियमच्या कामातच घ्यायचं, असे हे उपक्रम. शाळेची सहल यात धरत नाहीत कारण ती दोन तासांत उरकते, इथे मुलं महिनोन्महिने येतात, ट्रेनिंग घेतात आणि मग स्वतः लोकांसमोर उभी राहतात.

मुलांचं म्युझियम तसं जुनंच, ब्रुकलिनचं १८९९ सालचं आहे. पण पोरांना काम द्यायचं म्हटलं की आधी नाव निघतं सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या सायन्स म्युझियमचं. ते १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी काढलं (अणुबॉम्बवाले रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, स्वतः फिजिसिस्ट, मधली काही वर्षं हायस्कूलमध्ये शिकवत होते). तिथे गाइड म्हणून हायस्कूलची मुलं घेतली, तीही पगार देऊन, आणि त्यांना म्हणतात एक्स्प्लेनर. त्यांचं गाजलेलं काम म्हणजे गायीचा डोळा कापून दाखवणं, वरचं जाड पांढरं आवरण कापलं की आतला जेलीसारखा गोळा बाहेर येतो, मग भिंग काढून छापील कागदावर ठेवायचं, की खालची अक्षरं मोठी दिसतात. समोरचा माणूस काहीही विचारतो, त्यामुळे पाठ केलेलं भाषण इथे चालतच नाही, आणि खरं शिकणं होतं ते समजावणाऱ्याचंच.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या सायन्स सेंटरांच्या संघटनेने 'यूथ अलाइव्ह' सुरू केला, त्यात भर होता कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांवर, मुलींवर आणि अल्पसंख्याकांवर. न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स या सायन्स म्युझियममध्ये तर मुलांच्या कामाच्या पायऱ्याच ठरलेल्या आहेत, अनुभव वाढेल तशी जबाबदारी वाढते. आर्ट म्युझियममध्ये टीन कौन्सिल, म्हणजे या वयाच्या मुलांची समिती, असतं, मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरचं १९९६ पासूनचं, तिथे मुलं आपल्या वयाच्या लोकांसाठी इव्हेंट ठरवतात.

पैशाचा मुद्दा मात्र किरकोळ नाही. फुकट काम म्हटलं की ज्यांना घरी हातभार लावावा लागतो ती मुलं आपोआप गळतात, म्हणजे ज्यांच्यासाठी सगळं चाललंय तीच बाहेर. शिवाय बरेच उपक्रम ग्रँटवर चालतात, ग्रँट संपली की मुलांना सांभाळणारा माणूस जातो आणि त्याच्यामागे मुलंही. काही ठिकाणी कौन्सिल फक्त फोटोपुरतंच, मुलांनी सुचवलेलं काहीच होत नाही, आणि हे त्यांना पहिल्या दोन मीटिंगमध्येच कळतं.