थरथर चाकाची की शाफ्टची?

जुनी फोर बाय फोर गॅरेजमधून काम करून बाहेर आली आणि साठ-सत्तरच्या पुढे थरथरू लागली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘व्हील बॅलन्सिंग करून घ्या.’ कधी तेवढ्यावर भागतंही. पण बरेचदा रिमवर वजनं चढत जातात आणि थरथर तशीच राहते, कारण ती चाकातून येतच नसते. चाकाची आणि प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे फेरे नेणाऱ्या दांड्याची) थरथर दोन्ही गाडीच्या वेगाबरोबर येतात, म्हणून गल्लत होते. त्या वेगळ्या ओळखता येतात, आणि पैसे घालवण्याआधी त्या ओळखायलाच हव्यात.

मुख्य फरक फेऱ्यांचा. जिप्सीच्या मापाचं 15 इंची रिमचं चाक घ्या. टायरचा घेर साधारण 2.1 मीटर. ताशी 80 किलोमीटरला ते चाक सेकंदाला दहा-अकरा वेळा फिरतं. डिफरन्शियलचं, म्हणजे शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देणाऱ्या गिअरचं, गुणोत्तर चारच्या आसपास धरलं, तर त्याच वेळात शाफ्ट चाळीसेक वेळा फिरतो. सेकंदाला दहा हिसके हाताला सुटे सुटे कळतात: पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलतं, मागचं असेल तर सीट हलते. चाळीस हिसके सुटे कळत नाहीत, त्यांची घुमणारी गुणगुण होते. ती गिअरच्या दांड्यात, पायाखालच्या पत्र्यात येते आणि आरशात मागची गाडी धूसर दिसू लागते.

आधी इंजिन बाजूला काढा. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, थरथरीच्या वेळी असतो तेवढाच आरपीएम देऊन बघा. मग रस्त्यावर एकाच वेगाला तिसरा आणि चौथा गिअर लावून बघा. दोन्हीत थरथर त्याच वेगाला येत असेल, तर दोष गिअरबॉक्सनंतरच्या भागात, शाफ्टपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. यासाठी सलग रस्ता लागतो. रविवारी पहाटे ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून मुलुंडच्या दिशेनं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे धरा. घोडबंदरच्या खड्ड्यांत काहीच कळणार नाही.

घोडबंदर कामाला येतो तो गायमुखच्या चढाला. चढावर पाय दाबलात की थरथर वाढते आणि पाय सोडला की बदलते किंवा नाहीशी होते? मग शाफ्टचे सांधे तपासा. चाकाला ॲक्सिलरेटरशी फारसं देणंघेणं नसतं. मात्र नुसता बॅलन्स गेलेला शाफ्टही वेगालाच बांधलेला असतो, तेव्हा पाय सोडून फरक पडला नाही म्हणून शाफ्ट निर्दोष ठरवू नका. तिथे वरची गुणगुणच खरं सांगते.

कामानंतर थरथर सुरू झाली असेल, तर काम काय झालं हे आधी विचारा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला (युनिव्हर्सल जॉइंटमधला) यूजे क्रॉस एका कोनात फिरताना त्याच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसून टाकतो. पण दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत असतील आणि दोन्ही कोन सारखे असतील, तरच. शाफ्ट खोलताना खूण केली नाही आणि शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा सरकता सांधा एक दात पुढेमागे बसला, की ही रेषा मोडते. मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक पान वाढवून गाडी उचलली, की कोन बिघडतो. नवा क्रॉस हातोडीनं बसवताना त्याच्या बेअरिंग कपातली एखादी बारीक सुई आडवी पडते; मग कप पूर्ण आत जात नाही, कप धरून ठेवणारी सर्क्लिप खाचेत बसत नाही आणि क्रॉस एका बाजूला सरकलेला राहतो. शाफ्ट हातात घेऊन क्रॉस चारी दिशांना हलवा. तो सारख्या जोरानं फिरला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. आणखी एक कारण आपल्याकडचंच: पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून खालून मारलेलं कोटिंग शाफ्टवरही जाऊन बसतं. तेवढ्या थरानंही बॅलन्स जातो.

चाकाची बाजू त्या मानानं सोपी. येऊरच्या डोंगरावरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आधी खरवडा. मग पुढची चाकं मागे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर चाक किंवा टायर. जागची हलली नाही, तर ड्रम, हब, बेअरिंग बघा.

फोर बाय फोरमध्ये शाफ्ट एकच नसतो. पार्ट-टाइम गाडीचा, म्हणजे जिची पुढची चाकं गरजेपुरतीच जोडता येतात तिचा, पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांना खुणा करून पूर्ण काढा आणि टू-व्हीलमध्ये चालवून बघा. थरथर गेली, तर गुन्हेगार सापडला. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटणारी पेटी) यांच्यामध्ये तिसरा, आखूड शाफ्ट असतो आणि तो हमखास विसरला जातो. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाकून गिअर चौथा घाला आणि हळूहळू आरपीएम वाढवा. गाडी जागेवर राहते आणि तो आखूड शाफ्ट तेवढा फिरतो. साध्या न्यूट्रलमध्ये नसलेली थरथर इथे आली, तर त्याच्यापासून सुरुवात करा.

मागच्या शाफ्टवर संशय असेल, तर डिफरन्शियलकडच्या टोकाला, पिनियनच्या फ्लँजवरचे (जोडाच्या चकतीवरचे) चार बोल्ट काढून तो अर्धा फेरा फिरवून परत लावा. थरथर कमी-जास्त झाली, तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. पण नवे क्रॉस बसवून आणि सरकता सांधा जोडून, अख्खाच द्या. सुटी नळी बॅलन्स करून नंतर क्रॉस ठोकले, तर तो बॅलन्स उरत नाही.