गुरूची ढवळाढवळ

ठाण्यातून धूमकेतू बघायचा म्हणजे दोन अडचणी. एक घोडबंदर रोडचा झगझगाट, दुसरी पश्चिमेला आडवा पडलेला येऊरचा डोंगर. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-अ‍ॅटलास धूमकेतू सूर्यास्तानंतर नेमका पश्चिमेलाच, क्षितिजालगत आला होता. तो धड बघायचा तर शहर सोडणंच शहाणपणाचं. गुरूचं तसं नाही. तो आकाशात असला की टॉवरच्या गच्चीवरून, धुरकटातूनही ठसठशीत दिसतो. आणि गंमत अशी, की याच गुरूला हिशेबात धरल्याशिवाय ना धूमकेतूची कक्षा बसते, ना पल्सारची, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याची, वेळ.

एडमंड हॅलीने १७०५ मध्ये २४ धूमकेतूंच्या कक्षांचा तक्ता छापला. त्यातल्या १५३१, १६०७ आणि १६८२ च्या नोंदी इतक्या सारख्या, की हा एकच पाहुणा पुन्हा पुन्हा येतोय हे त्याने ओळखलं. पण दोन फेऱ्यांमधलं अंतर सारखं का नाही? गुरूजवळून जाताना धूमकेतूची चाल बदलते, हे त्यालाही कळत होतं. प्रत्यक्ष आकडेमोड मात्र फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी केली, तीही हाताने, कित्येक महिने खपून. उत्तर आलं: या खेपेला गुरू ५१८ दिवस उशीर करणार, शनी आणखी १००. त्यांनी एप्रिल १७५९ चा मध्य सांगितला, एक महिना इकडे-तिकडे धरून. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचला १३ मार्चला. लपोतबाईंचं नाव नंतर बराच काळ मागे पडलं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

लेक्सेलच्या धूमकेतूची गत आणखी विचित्र. १७७० मध्ये तो पृथ्वीपासून जेमतेम २२ लाख किलोमीटरवरून गेला. गणिताप्रमाणे साडेपाच वर्षांनी परतायला हवा होता. पुन्हा कुणालाच दिसला नाही. १७६७ मध्ये गुरूनेच त्याला आत ओढलं होतं आणि १७७९ मध्ये गुरूनेच भिरकावून दिलं. कक्षांच्या यादीत म्हणूनच आकड्यांसोबत ते कोणत्या तारखेचे आहेत, हेही लिहावं लागतं.

आता पल्सार. मेलेल्या ताऱ्याचा, शहराएवढा उरलेला, गरागरा फिरणारा गाभा. फिरता फिरता त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला ठोका मिळतो. जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेला पहिला पल्सार १.३३७ सेकंदाला एक ठोका देत होता. १९८२ मध्ये सापडलेला एक तर सेकंदाला ६४२ फेऱ्या मारतो. तो शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

हे ठोके ऐकण्याची आपली जागा ठाण्याहून फार लांब नाही. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर करत नारायणगाव गाठलं की पुढे खोडद. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, काही गावाजवळ, बाकीच्या कित्येक किलोमीटरवर विखुरलेल्या. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. लांब रेडिओ लहरींना एवढी जाळी पुरते, आणि वाराही आरपार निघून जातो.

पण ठोका खोडदला कधी पोहोचला, याला एकट्याने अर्थ नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात तो आठ-आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा येतो. म्हणून वेळ आधी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला, म्हणजे सूर्य आणि सगळे ग्रह मिळून जिथे तोल साधतात त्या बिंदूला, नेऊन मोजतात. तो मध्य सूर्याच्या केंद्रात नसतो. एकटा गुरू त्याला सुमारे साडेसात लाख किलोमीटर बाजूला ओढतो, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्याही बाहेर! या मध्याची जागा १०० मीटरने चुकली, तर वेळ सेकंदाच्या तीस लाखाव्या भागापर्यंत चुकते. ऐकायला क्षुल्लक, पण अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या, आणि त्यामुळे ठोके लवकर-उशिरा आणणाऱ्या, अतिसंथ लयीच्या गुरुत्वलहरींचा माग पल्सारच्या ठोक्यांवरून काढायचा तर चुका याहून लहान लागतात. त्यातून गुरूची फेरी जवळपास बारा वर्षांची आणि या लहरीही वर्षानुवर्षांच्या लयीच्या, त्यामुळे गुरूच्या जागेतली चूक लहरीसारखीच भासू शकते. जून २०२३ मध्ये अशा लहरींचे पुरावे जाहीर झाले. त्यात खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गटही होता. त्याआधी काही वर्षं संशोधकांनी गुरूच्या कक्षेतली अनिश्चितता समीकरणांत वेगळी धरून हा घोळ निस्तरला होता.