बोटीच्या ड्राइव्हची हिवाळी तयारी

थंड हवामानाच्या प्रदेशांत पाणी गोठू लागण्यापूर्वी बोट बाहेर काढून वसंतापर्यंत ठेवून देतात. त्याआधी इंजिनाची शक्ती पंख्यापर्यंत (बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरपर्यंत) पोहोचवणाऱ्या ड्राइव्हची जी तपासणी आणि देखभाल करतात, ती म्हणजे ड्राइव्हची हिवाळी तयारी. ही नोंद मुख्यतः स्टर्नड्राइव्हविषयी आहे. या रचनेत इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून बसवलेले असते आणि ड्राइव्ह भिंतीबाहेर पाण्यात असतो. व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने ती बाजारात आणली.

सगळा धोका पाण्याचा. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ड्राइव्हचे ॲल्युमिनियमचे ओतीव कवच या दाबाने तडकते. गिअर तेलात शिरलेले पाणी तेलाहून जड असते. बोट महिनोन्महिने उभी राहिली की ते खालच्या गिअरपाशी साचते. गोठले नाही तरी बेअरिंगना गंज चढवते. त्यामुळे तेल हिवाळ्याआधीच बदलावे. ‘वसंतात बदलू’ म्हणून जुने तेल तसेच ठेवणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

तेल काढण्यासाठी खालचा बूच आणि वरचा हवेचा बूच असे दोन्ही उघडतात. पहिली धार नीट पाहावी, कारण तळाचे पाणी आधी बाहेर येते. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे, म्हणजे पाणी आत येऊ न देणारे कुठले तरी सील गेले आहे. अशा वेळी नुसते नवे तेल भरून भागत नाही; ड्राइव्हची दाबचाचणी करून गळती शोधावी लागते. बुचाला चुंबक असल्यास त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप दिसणे ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे निघाले, तर मात्र गिअर किंवा बेअरिंग तुटू लागले आहे.

नवे तेल खालच्या भोकातून पंपाने भरतात, म्हणजे हवा वर ढकलली जाते. वरून बुडबुड्यांविना तेल येऊ लागले की आधी वरचा बूच लावायचा, मग पंप काढून झटपट खालचा. बुचांचे वायसर दर वेळी नवे घ्यावेत. वस्तू किरकोळ आहे, पण जुन्या दबलेल्या वायसरातूनही पाणी आत शिरते.

पंखा काढून शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) पाहणे बरेच जण टाळतात, ते टाळू नये. मासेमारीची दोरी पंख्यामागे गुंडाळली जाऊन सील कापते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोरी काढून, शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावून पंखा परत बसवता येतो. इंजिन आणि ड्राइव्ह यांना जोडणाऱ्या सांध्यावरचे रबरी बेलोज, म्हणजे घड्यांची नळीसारखी आवरणे, बोटांनी घड्या उलगडून तपासावेत. तिथे चीर गेली तर पाणी सांध्यात आणि बेअरिंगमध्ये शिरतेच. पाण्यात उभी असलेली बोटही त्यातून बुडू शकते.

साठवताना ड्राइव्ह पूर्ण खाली सोडलेला ठेवावा. त्यामुळे थंडाव्याचे पाणी आपोआप निथळते, बेलोज ताणले जात नाहीत आणि तो उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचे चकचकीत दांडे आत, गंजापासून सुरक्षित राहतात. पाणी निथळण्याची भोके गाळाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. यानंतर ड्राइव्हमधील पाणी गेले असे समजायला हरकत नाही, परंतु इंजिन ब्लॉकमधले पाणी वेगळे काढावे लागते.

गंज स्वतःवर ओढून घेणारे अॅनोड निम्मे झिजले की बदलतात: खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. त्यांच्यावर रंग लावला तर ते निकामी ठरतात. पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती एकाच जागी वाकून राहिली की ताठरतात, म्हणून तो ठराविक काळाने बदलतात.

आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, खालच्या भागालाही तेलाचे हेच नियम लागू आहेत, फक्त ते उभे ठेवावे. आडवे ठेवल्यास उरलेले पाणी सिलिंडरकडे जाऊ शकते. शिडाच्या बोटींवरील सेलड्राइव्ह बोटीच्या तळातून खाली उतरतो. त्याच्याभोवतीचा रबरी पडदा हाच समुद्र आणि बोटीचा आतला भाग यांच्यामधला अडसर असतो. त्यामुळे बोट पाण्याबाहेर असतानाच तो तपासतात आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली असेल, तर वरून धडधाकट दिसत असला तरी बदलतात.