फाइलीची किल्ली कोणाकडे? सरकारी कार्यालये आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेने २०१३ मध्ये एक मोठे काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सुमारे पंधरा हजार संगणकांपैकी बहुतेकांवरून विंडोज काढून तेथे लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, बसवण्याचे हे काम दहा वर्षे चालले होते. त्याच वर्षापर्यंत फ्रान्समधील जाँदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाचे सुमारे ३७ हजार संगणक लिनक्सवर आलेले होते. पुढे चारच वर्षांत म्युनिकच्या नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला, तर जाँदार्मरी आपल्या वाटेने चालत राहिली आणि तिच्याकडील लिनक्स संगणकांची संख्या आता एक लाखाच्या घरात पोहोचली आहे. तंत्रज्ञान जवळजवळ एकच होते. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती दोघांनीही आपापल्या गरजेनुसार बदलून घेतली होती. मग एकाचे काम टिकले आणि दुसऱ्याचे मोडले, असे का झाले?

सॉफ्टवेअर लिहिणारे माणसाला समजेल अशा संगणकभाषेत जे लिहितात, त्याला स्रोत म्हणतात. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये तो कंपनीच्या तिजोरीत राहतो आणि ग्राहकाला ठरावीक अटींवर वापराचा परवाना मिळतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा परवाना मात्र ते वापरण्याची, स्रोत वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा देतो. लिनक्स, पत्रे व तक्ते बनवण्याचा ऑफिस संच लिब्रेऑफिस, ब्राउझर फायरफॉक्स आणि ई-मेलसाठीचे थंडरबर्ड ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. ते फुकट मिळते ही गोष्ट लोकांच्या आधी लक्षात येते, पण सरकारी कामाच्या दृष्टीने ती दुय्यम आहे.

सरकारसाठी महत्त्वाचे काय, हे पेरूचे संसदसदस्य एडगार व्हिलानुएव्हा यांनी २००२ मध्येच नेमके मांडले होते. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे विधेयक त्यांनी आणले होते आणि मायक्रोसॉफ्टच्या तेथील शाखेने त्याला लेखी हरकत घेतली होती. व्हिलानुएव्हा यांनी दिलेल्या सविस्तर उत्तराचा गाभा असा की, नागरिकांना सार्वजनिक माहिती खुलेपणाने मिळावी, ती दीर्घकाळ टिकावी आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता राखली जावी, ही राज्याची कर्तव्ये आहेत आणि विधेयकामागील मुख्य कारण ती आहेत, पैसे वाचवणे हे नव्हे. जन्मनोंद, जमिनीचा दाखला किंवा न्यायालयाचा निकाल पन्नास वर्षांनीही उघडता आला पाहिजे, आणि तो उघडण्यासाठी कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर विसंबून राहावे लागता कामा नये.

येथे प्रश्न फाइलीच्या स्वरूपाचा येतो. पडद्यावर दिसणारे पत्र संगणकात अक्षरांच्या नुसत्या रांगेसारखे साठवलेले नसते. कोणता मजकूर ठळक आहे, समास किती आहेत, तक्त्याला किती स्तंभ आहेत, अशा शेकडो सूचना त्याच्यासोबत ठरावीक रचनेत लिहिलेल्या असतात. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या डॉक फाइलीची रचना कंपनीने २००८ पर्यंत सर्वांसाठी खुली केलेली नव्हती, त्यामुळे इतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती अंदाजाने उलगडावी लागे. याला उत्तर म्हणून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, तयार झाला आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. ओडीएफ फाइल ही प्रत्यक्षात एक झिप गठडी असते. तिच्या नावाचा शेवट ‘.zip’ असा बदलून ती उघडली तर आत साध्या मजकुरात लिहिलेल्या काही फाइली दिसतात, आणि जिज्ञासूने हा प्रयोग एकदा करून पाहावा. मायक्रोसॉफ्टचे नंतरचे डॉकएक्स स्वरूपही अशीच गठडी आहे आणि २००८ मध्ये तेही आयएसओ मानक झाले. मात्र त्याचा पहिला प्रसिद्ध तपशील सहा हजारांहून अधिक पानांचा होता, आणि अंतर ‘वर्ड ९५ प्रमाणे’ राखावे, अशा अर्थाच्या सूचना त्यात वर्ड ९५ नेमके काय करत असे हे न सांगताच आल्या होत्या. आयएसओ प्रक्रियेत यातील बरेच दुरुस्त झाले. तरीही मानक असणे आणि ते दुसऱ्या कोणाला पूर्णपणे पाळता येणे यांत अंतर राहू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कर्मचाऱ्यांच्या तक्रारी बहुधा याहून साध्या गोष्टींपासून सुरू होतात. तीन पानांचे पत्र नव्या प्रोग्राममध्ये उघडले की चार पानांचे होते, आणि सही एकटीच चौथ्या पानावर जाऊन बसते. पुष्कळदा दोष प्रोग्रामचा नसतो, टंकाचा, म्हणजे फॉन्टचा, असतो. कॅलिब्री किंवा टाइम्स न्यू रोमन हे टंक बंदिस्त परवान्याचे असल्याने लिनक्स संगणकावर सहसा नसतात. मग प्रोग्राम दुसरा टंक वापरतो आणि त्याच्या अक्षरांची रुंदी किंचित निराळी असते. ओळीत एक शब्द कमी मावला की तो खालच्या ओळीत जातो, असे होत होत परिच्छेद लांबतो आणि पान उलटते. यावर उपाय म्हणून ज्यांतील प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ टंकातील अक्षराइतकीच ठेवलेली आहे असे मुक्त टंक बनवले गेले. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन सेरिफ चालतो. वळण वेगळे असले तरी ओळ तेथेच तुटते. अशी सोय पहिल्या दिवसापासून केली, तर निम्मी कुरकुर ऐकावीच लागत नाही, असे मला वाटते.

खरी अडचण मॅक्रोंची, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या स्वयंचलित आज्ञांची, असते. एखाद्या विभागात हुशार कर्मचाऱ्याने कधीतरी एक्सेलमध्ये तक्ता बनवलेला असतो. बटण दाबले की थकबाकीची यादी तयार होते, पत्रे छापली जातात आणि बेरजा जुळतात. हा तक्ता म्हणजे प्रत्यक्षात एक छोटा प्रोग्रामच असतो. तो मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक भाषेत लिहिलेला असतो आणि एक्सेलच्या अंतर्गत रचनेवर पूर्णपणे विसंबलेला असतो. लिब्रेऑफिस त्यातील काही भाग चालवू शकते, सगळा नाही. तो लिहिणारा कर्मचारी निवृत्त झालेला असतो, कागदोपत्री नोंद कोठेही नसते, आणि असे किती तक्ते कार्यालयात चालू आहेत याची यादी माहिती-तंत्रज्ञान विभागाकडेही नसते. स्थलांतराची योजना आखणारे संगणकांची संख्या मोजतात. वास्तविक मोजणी या तक्त्यांपासून आणि नमुन्यांपासून सुरू व्हायला हवी.

म्युनिकने हे ओळखले होते, हे मान्य केले पाहिजे. त्या प्रकल्पाचे नाव लिमक्स. २००३ मध्ये निर्णय झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर स्वतः महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटायला गेले होते, म्हणून तो जगभर गाजला. पण त्यातील सर्वांत मोलाचे काम फारसे कोणाला माहीत नाही. कार्यालयांमध्ये हजारो पत्रनमुने आणि मॅक्रो साठलेले होते. एकाच प्रकारच्या पत्राचे प्रत्येक विभागात वेगळे रूप होते. ते एकत्र करून छाटण्यासाठी महापालिकेच्या चमूने वोलमक्स नावाचे साधन स्वतः लिहिले आणि २००८ मध्ये मुक्तस्रोत म्हणून सर्वांसाठी खुले केले. कर्मचाऱ्याचे नाव, पद, दूरध्वनी असा तपशील नमुन्यात आपोआप भरणे आणि अर्जातील रकाने तपासणे ही कामे ते करत असे.

एवढे करूनही तेथे एक गोष्ट सुटली नाही. महापालिकेत वीसेक स्वतंत्र संगणक विभाग होते. प्रत्येकाची कार्यपद्धती वेगळी, अद्ययावत आवृत्ती बसवण्याचा वेग वेगळा. प्रिंटर चालला नाही, भ्रमणध्वनीवर ई-मेल उघडला नाही किंवा बाहेरून आलेली फाइल विस्कटली, तरी दोष लिमक्सच्या माथी येई. शहरानेच सल्लागारांकडून करवून घेतलेल्या २०१६ च्या अहवालात मुख्य अडचणी ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा संघटनरचनेत असल्याचे नोंदवले होते. दरम्यान २०१४ मध्ये महापौर बदलले होते, आणि नवे महापौर डीटर रायटर या प्रकल्पाचे चाहते नव्हते. २०१७ च्या ठरावामागे तांत्रिक कारणे किती आणि राजकीय किती यावर आजही वाद घालता येईल. तथापि सर्व दोष लिनक्सवर टाकणारे स्पष्टीकरण त्या अहवालासमोर टिकत नाही. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तर जनतेच्या पैशातून बनलेले सॉफ्टवेअर जनतेसाठी खुले असावे, हे तत्त्व आपल्या करारात पुन्हा घेतले.

जाँदार्मरीची बाब वेगळी होती. आज्ञा वरून येते आणि देशभर एकाच पद्धतीने पाळली जाते, हा लष्करी वळणाच्या दलाचा फायदा तिला मिळाला. पण तिने पाळलेला क्रम मला अधिक शिकण्यासारखा वाटतो. २००५ च्या सुमारास आधी फक्त ऑफिस संच बदलला आणि विंडोज तसेच ठेवले. मग ब्राउझर आणि ई-मेल बदलले. अंतर्गत कामाचे प्रोग्राम ब्राउझरमधून चालतील असे केले. कर्मचाऱ्यांची रोजची साधने अशी आधीच बदललेली असल्याने २००८ पासून खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलू लागली तेव्हा त्यांच्या लक्षात येण्यासारखे थोडेच उरले होते. विंडोज एक्सपी आणि उबुंटू यांतील सर्वांत मोठे दोन फरक म्हणजे चिन्हे आणि खेळ, आणि खेळांना आम्ही प्राधान्य देत नाही, अशा आशयाचे उत्तर दलाच्या एका अधिकाऱ्याने त्या काळी दिले होते.

याउलट उदाहरण जर्मनीतीलच फ्रायबुर्ग शहराचे. तेथे २००७ मध्ये ओपनऑफिस हा मुक्तस्रोत ऑफिस संच स्वीकारला गेला, पण जुने मायक्रोसॉफ्ट ऑफिसही सोबत चालू राहिले आणि ओपनऑफिसची आवृत्ती जुनीच राहिली. दोन प्रोग्राम, दोन स्वरूपे आणि दोन्हींची डागडुजी असा दुहेरी भार सोसून २०१२ मध्ये शहर मागे फिरले. अर्धवट स्थलांतर पूर्ण स्थलांतरापेक्षा महाग पडते.

विरोधातील प्रत्येक आवाज मात्र सवयीचा किंवा हितसंबंधांचा नसतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी ओडीएफ सक्तीचे करायचे ठरवले तेव्हा अंध व्यक्तींच्या बाजूने गंभीर आक्षेप आला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्राम त्या काळी मायक्रोसॉफ्ट ऑफिसशी जुळवून बनवलेले होते, आणि नव्या संचासोबत ते नीट चालत नसत. दृष्टिहीन कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न थेट नोकरीचा होता. ओडीएफच्या २००७ मधील १.१ या आवृत्तीत सुगम्यतेच्या सुधारणा झाल्या, त्यामागे या वादाचा वाटा होता.

खर्चाच्या हिशेबात आकडे कोणते धरायचे, यावर निष्कर्ष ठरतो. म्युनिकने २०१२ मध्ये एक कोटी युरोहून अधिक बचत झाल्याचे सांगितले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीकडून करवून घेतलेल्या अभ्यासाने नेमका उलटा निष्कर्ष काढला, आणि शहराने त्यातील गृहीतके अमान्य केली. परवान्याचे पैसे वाचतात हे निर्विवाद आहे, पण प्रशिक्षण, नमुने नव्याने बनवणे आणि देखभालीचे कंत्राट यांचा खर्च राहतोच. फरक एवढाच की देखभालीसाठी अनेक संस्थांकडून निविदा मागवता येतात, कारण स्रोत सर्वांसमोर असतो. जाँदार्मरीने संगणकांच्या एकूण मालकीखर्चात सुमारे ४० टक्के घट झाल्याचे सांगितले आहे. तिच्याइतका धीर आणि एकसंध यंत्रणा नसलेल्या कार्यालयाने तो आकडा आपला म्हणून धरू नये.

सुरक्षिततेबाबतही दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. स्रोत उघडा आहे म्हणून कोणीतरी तो वाचतच असेल असे नाही. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सुरक्षा-सॉफ्टवेअरमधील दोष सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. दुसरीकडे, २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या छोट्या मुक्तस्रोत साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार एका अभियंत्याच्या लक्षात आले ते दूरच्या संगणकावर प्रवेश मिळायला अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागत होता म्हणून, आणि स्रोत उपलब्ध असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. हा अभियंता मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हा योगायोग मजेदार आहे.

अलीकडे या चर्चेला नवे कारण मिळाले आहे. ऑफिस संच आता संगणकावर कमी आणि दूरच्या सर्व्हरवर अधिक चालतो. ई-मेल, दिनदर्शिका, दस्तऐवज आणि कर्मचाऱ्याची ओळखसुद्धा परदेशी कंपनीच्या ताब्यातील खात्यात असते. ते खाते कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, हा प्रश्न युरोपातील सरकारांना आता परवान्याच्या किमतीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. डेन्मार्कच्या डिजिटल व्यवहार मंत्रालयाने २०२५ मध्ये लिब्रेऑफिसकडे जाण्याचे जाहीर केले ते या पार्श्वभूमीवर.

सध्या सर्वाधिक लक्ष जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याकडे आहे. २०२४ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने सुमारे ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक ई-मेल खाती ओपन-एक्सचेंज ही मुक्तस्रोत ई-मेल प्रणाली आणि थंडरबर्ड यांवर हलवली गेली. विंडोजऐवजी लिनक्स आणण्याची पायरी या क्रमात नंतरची आहे. त्याआधी करवसुली, न्यायदान, अनुदानवाटप यांसारख्या कामांचे खास प्रोग्राम आहेत. त्यांतील कित्येक आतून थेट वर्ड उघडून पत्र तयार करतात. त्या प्रत्येकासाठी मूळ पुरवठादाराशी बोलून लिब्रेऑफिसशी जुळणारी आवृत्ती करून घ्यावी लागते, आणि पुरवठादाराला तसे करण्याची घाई असेलच असे नाही.