सीमाभागातील नाणेसंग्रहाची परिभाषा: पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी नाणेसंग्राहकांच्या तोंडी टांकसाळ (नाणी पाडण्याची जागा), ठसा (नाण्यावर मजकूर उमटवणारा साचा), कस (धातूची शुद्धता) आणि बट्टा (नाण्याच्या किमतीतली कपात) हे शब्द सतत असतात. ते संग्राहकांनी घडवलेले नाहीत. टांकसाळीतून आणि सराफाच्या पेढीवरून ते आले, कारण या मुलखात एकाच राजवटीचे चलन फार काळ टिकले नाही. हलशीला आपली दुसरी राजधानी करणाऱ्या गोव्याच्या कदंबांची सिंहाचे चिन्ह असलेली सोन्याची नाणी, यादवांचे कमळांकित पद्मटंक, विजयनगरचे होन आणि पुढे आदिलशाही व मोगली नाणी येथे एकामागून एक आली.

परिभाषा नीट कळते ती शिवराई हातात घेतल्यावर. या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. परंतु ठसा धातूच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे आणि घाव हातोड्याने घातला जात असल्यामुळे काही अक्षरे चकतीबाहेरच राहतात. त्यामुळे मजकूर किती उमटला आहे यावर किंमत ठरते, आणि अपुरा मजकूर म्हणजे नाणे खोटे असा निष्कर्ष नवशिक्याने काढू नये.

रुपयांच्या बाबतीत गुंता वेगळा आहे. आझमनगर, म्हणजे बेळगाव, या टांकसाळीचे नाव असलेले मराठा अमलातील रुपये मोगल बादशहाच्या नावानेच पडत. म्हणून नाण्यावरचे नाव, प्रत्यक्ष सत्ता आणि बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष, म्हणजे जुलूस, या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असल्याने सराफ कस पाहून कमी प्रतीच्या नाण्यावर बट्टा आकारत. चांदी तपासल्याची खूण म्हणून मारलेले त्यांचे बारीक छाप आज काही ग्राहकांना दोष वाटतात, जाणकारांना मात्र तो नाणे चलनात फिरल्याचा पुरावा वाटतो, आणि मला दुसरे मत अधिक पटते.

कंपनी सरकारने 1835 मध्ये 11.66 ग्रॅमचा यंत्रावर पाडलेला एकसारखा रुपया आणल्यावर ही तपासणी हळूहळू मागे पडली. 1957 च्या दशमान पद्धतीने आणेही गेले. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर टांकसाळीचे नाव नसते. सालाखालचा चौकोनी हिरा मुंबईचा, तर तारा हैदराबादचा मानतात, आणि कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीच खूण नसते.